सभासद कागदावर, काम सहा जणांवर

(बिझनेस एव्हिएशन, म्हणजे कंपन्यांची आणि खासगी विमानं चालवण्याचा धंदा, त्यातल्या वाचकांचे प्रश्न; उत्तरं एका निवृत्त फ्लाइट डिस्पॅचरची, म्हणजे उड्डाणांची जमिनीवरून आखणी करणाऱ्या आणि असोसिएशनच्या माजी सचिव असलेल्या ताईंची)

प्रश्न : ताई, आमच्या विभागातल्या बिझनेस एव्हिएशन असोसिएशनचा मी दोन वर्षं सचिव आहे. कागदावर ५८ सभासद-कंपन्या आहेत. वर्गणी वेळेवर येते, त्याबद्दल तक्रार नाही. पण दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी सहाच्या बैठकीला जेमतेम अकरा-बारा डोकी, त्यातली निम्मी हँडलिंग (विमानतळावरच्या सेवा पुरवणाऱ्या) आणि इंधनवाल्यांची. ग्रुपवर निरोप टाकला की सगळे अंगठा दाखवतात, आणि प्रत्यक्षात कुणी फिरकत नाही; काम आम्ही तेच जुने सहा जण ओढतो. 'सर्व सभासदांनी सक्रिय व्हावे' असं पत्रसुद्धा काढून झालं. आता मीच थकलोय. काय करावं?

उत्तर : रागावू नका, पण तुमच्या पत्राचं वाचून हसू आलं. अगदी असंच पत्र मीही एकदा काढलं होतं, वर 'कृपया' दोनदा घातलं होतं. आलेल्या उत्तरांची संख्या शून्य. मग माझ्या लक्षात आलं की अख्खी नोकरी मी कुणालाही असं मोघम काही सांगितलेलं नाही. 'कॅप्टन, विमान नीट चालवा' असं ब्रीफिंग आपण देतो का? निघायची वेळ, प्रवासी किती, इंधन किती, पर्यायी विमानतळ कुठला, हे सांगतो. सभासदालाच तेवढं 'सक्रिय व्हा' का म्हणून?

आधी एक बघा, तुमचा सभासद कोण आहे? कंपनी. कंपनी काही खुर्चीवर येऊन बसत नाही. वर्गणीचा धनादेश अकाउंट्स खात्यातून निघतो आणि तिथल्या माणसाला तुमची असोसिएशन म्हणजे खर्चाची एक ओळ असते. जो माणूस यायला हवा, तो चीफ पायलट, इंजिनिअर किंवा डिस्पॅचर, त्याला कित्येकदा आपली कंपनी सभासद आहे हेच ठाऊक नसतं. आमच्याकडे एक इंजिनिअर चार वर्षं बाहेरचा पाहुणा म्हणून येत होता. त्याच्या कंपनीची वर्गणी सगळ्यात आधी भरलेली असायची!

म्हणून पहिलं काम, ५८ कंपन्यांपुढे ५८ माणसांची नावं लिहा. फोन करून विचारा. हे कंटाळवाणं आहे, आठवडे खाईल, पण याला दुसरा मार्ग मला तरी सापडला नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. 'दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी सहा' हे कुणी ठरवलं? आपल्या धंद्यात सकाळी साहेबांना सोडून संध्याकाळी परत आणायचं असतं. सहा वाजता पायलट एक तर हवेत असतो, नाहीतर कुठल्यातरी परक्या विमानतळावर, विमानाशेजारी, प्रवाशांची वाट बघत उभा. रोस्टरवर 'स्टँडबाय' लिहिलेला माणूस दोन तासांत निघायच्या तयारीत असतो, तो तुमच्या बैठकीला येऊन फोनकडेच बघत बसणार. आम्ही बैठक हॉटेलातून उचलली आणि हँगरमध्ये, विमानांच्या शेडमध्ये, नेली, सकाळी, पहिली विमानं निघून गेल्यावर. चाळीस मिनिटं, बहुतेक जण उभ्यानंच. झुंडीनं लोक यायला लागले असं नाही सांगत; पण मेंटेनन्सची मंडळी यायला लागली. ती तोपर्यंत कधी आलीच नव्हती.

आणि तिसरं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. आपला धंदा तोंड बंद ठेवण्याचा आहे. विमानात कोण होतं, कुठं गेलं, किती वेळ थांबलं, यातलं काही बाहेर जाता कामा नये, हे पहिल्या दिवसापासून अंगात मुरवलेलं असतं. 'आज कुठली फेरी?' असं कुणी विचारलं तर आपला माणूस आकाशाकडे बघून हवामानाबद्दल बोलतो. मी घरीसुद्धा कधी सांगितलं नाही. हीच सवय घेऊन माणसं बैठकीला येतात आणि तुम्ही म्हणता, 'बोला, अनुभव सांगा.' कसे बोलतील?

यावर आम्हाला उपाय सापडला तो अपघातानं. एका बैठकीला मी एवढंच सांगितलं : पुढच्या वेळी येताना प्रत्येकानं एक फोटो आणा, हँगरमध्ये किंवा ॲप्रनवर (बाहेर विमानं उभी राहतात त्या जागेवर) तुमच्या डोळ्यांत खुपलेल्या एका गोष्टीचा. भाषण नको, अहवाल नको. सात फोटो आले. एक फोटो एका मेकॅनिकनं आणला होता, त्या गृहस्थांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. फोटोत विंगलेटच्या, म्हणजे पंखाच्या वर वळलेल्या शेवटाच्या, टोकाचा रंग खरवडलेला, नखाएवढा पांढरा चट्टा. फोटो आधी छापून घेतला होता आणि दाखवताना विमानाच्या नोंदणी क्रमांकावर त्यांनी अंगठा दाबून धरला होता. फोटो हातोहात फिरवायलाही तयार नाहीत, स्वतःच धरून सगळ्यांपुढे फिरले.

मागून दुसऱ्या कंपनीतला एक जण म्हणाला, 'उजवीकडचं दार ना?' मग तिसरा. सामायिक हँगरच्या एकाच दाराला तीन कंपन्यांची तीन विमानं घासली होती, प्रत्येकानं गुपचूप रंग मारून घेतला होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याच टगवाल्याचं, विमान ओढून आत नेणाऱ्याचं, लक्ष नव्हतं. जमिनीवरची पिवळी रेघ जुन्या, विंगलेट नसलेल्या विमानांच्या हिशेबानं आखलेली होती. नोजव्हील, म्हणजे विमानाचं पुढचं चाक, रेघेवर अचूक ठेवलं तरी पंखाचं टोक दाराला लागायच्या बेतात. चूक रेघेची होती. तीन कंपन्यांचं एक पत्र गेलं आणि रेघ सरकली. त्या मेकॅनिकला मी नंतर हँगर सुरक्षेचं काम दिलं, ते त्यांनी निवृत्त होईपर्यंत सांभाळलं.

तेव्हा काम द्या, पण एवढंसं द्या, आणि त्याला शेवट असू द्या. 'सुरक्षा समितीवर या' म्हटलं की माणूस पळतो. 'पुढच्या महिन्यात धावपट्टीचं काम निघतंय, रात्रीच्या बंद वेळांचा तक्ता तेवढा सगळ्यांना कळवा' म्हटलं तर करतो. प्रत्येक कामावर दोन नावं ठेवा, एक जुनं, एक ते काम कधीच न केलेलं. जुने सहा जण कुरकुरतील. त्यांना मनातून ते काम सोडायचं नसतं, हेही खरं. तुम्हालाही नसेल कदाचित.

प्रश्न : मी एका कंपनीच्या फ्लाइट विभागाचा प्रमुख आहे. असोसिएशन म्हणते, आपापले बारीकसारीक प्रसंग आणि उड्डाणांचा डेटा एकत्र करू. आमचे वकील म्हणतात, एक अक्षर बाहेर द्यायचं नाही. आमचं काम चोख आहे, दुसऱ्यांच्या चुकांशी आम्हाला काय करायचंय?

उत्तर : 'आमचं काम चोख आहे' हे वाक्य वाचलं आणि बेडफर्ड आठवलं. ३१ मे २०१४ ला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डच्या हॅन्सकम फील्डवर एक गल्फस्ट्रीम जी-फोर बिझनेस जेट उड्डाण घेताना धावपट्टी सोडून पुढे गेलं, आग लागली आणि आतले सातही जण गेले. गस्ट लॉक, म्हणजे उभ्या विमानाचे नियंत्रण-पृष्ठभाग वाऱ्यानं हलू नयेत म्हणून लावायची कडी, काढलेलीच नव्हती. उड्डाणाआधी कंट्रोल्स पूर्ण फिरवून बघितले असते तर ते तिथल्या तिथे कळलं असतं. तपासात दिसलं की त्या वैमानिकांनी त्या विमानाच्या आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा ही तपासणी पूर्ण केलीच नव्हती. दोघंही अनुभवी, वर्षानुवर्षं एकत्र उडणारे. बाहेरून पाहणारा म्हणाला असता, काम चोख आहे.

पुढचा भाग तुमच्या प्रश्नाचा. अमेरिकेच्या तपास मंडळानं, एनटीएसबीनं, तिथल्या राष्ट्रीय असोसिएशनला, एनबीएएला सांगितलं की बाकीचे काय करतात ते डेटातून शोधा. कंपन्यांची नावं काढून टाकलेला डेटा गोळा झाला : २०१३ ते २०१५ मधली ३७९ विमानांची १,४३,७५६ उड्डाणं. त्यांत १५.६ टक्के वेळा तपासणी अर्धवट, आणि २ टक्क्यांहून किंचित जास्त वेळा अजिबातच नाही. म्हणजे दोन्ही मिळून साधारण दर सहा उड्डाणांत एक. या ऑपरेटरांमध्ये 'आमचं काम चोख' म्हणणारे किती असतील?

हा आकडा कुठल्याही एका कंपनीला एकटीला काढता आला नसता. वकिलांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्यांना विचारायचा प्रश्न बदला. 'द्यायचं का?' असं विचारलंत तर उत्तर 'नाही'च येणार. 'कंपनी, तारीख, टेलनंबर (विमानाचा नोंदणी क्रमांक) आणि मार्ग वगळून, त्रयस्थाकडून, लेखी करारानं कसं देता येईल?' असं विचारा. आणि स्वतःच्या विमानांचा डेटा आधी एकदा बघा, पुढच्या बैठकीआधीच.

प्रश्न : माझ्याकडे एकच टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याचं छोटं विमान. राष्ट्रीय असोसिएशनची वर्गणी भरतोच. मग हे विभागीय आणखी कशाला? तिथे मोठ्या जेटवाल्यांचंच राज्य असतं.

उत्तर : कामं वेगळी आहेत, म्हणून. वरच्या पातळीवर आयबॅक, म्हणजे बिझनेस एव्हिएशनची आंतरराष्ट्रीय परिषद आहे, १९८१ पासून, आंतरराष्ट्रीय नियम ठरतात तिथे बोलायला. युरोपासाठी ईबीएए ही तिथली असोसिएशन, १९७७ पासून. एनबीएए तर १९४७ ची. कर, कायदे, वैमानिकांच्या ड्यूटीचे तास, हे सगळं त्यांचं. पण तुमच्या ॲप्रनवरचा दिवा तीन महिने बंद आहे, याची दखल त्यांतली कुठलीच संस्था घेणार नाही.

न्यूयॉर्कजवळचं टेटरबरो विमानतळ घ्या. तिथे रात्री अकरा ते सकाळी सहा उड्डाणं टाळायची असा संकेत आहे, तो स्वेच्छेचा. बंदी नाही. तो चालतो तो ऑपरेटर पाळतात तेवढाच. कुंपणापलीकडच्या रहिवाशाला जेट मोठं की टर्बोप्रॉप छोटं याच्याशी देणंघेणं नसतं, झोप मोडली एवढंच त्याला कळतं. एकानं रात्री दीडला इंजिन चालू केलं तर बाकीच्या सगळ्यांचा शब्द खाली पडतो, आणि मग स्वेच्छेच्या जागी सक्तीची मागणी सुरू होते. त्या सक्तीत तुमचं टर्बोप्रॉपही येईल. तो शब्द ठरवायला बसलेल्या टेबलावर तुम्ही नसाल, तर तो तुमच्या वतीनं दुसरा कुणी देईल.

राहिलं मोठ्यांचं राज्य. असतं, खोटं कशाला बोलू. मतं दर कंपनीला एक आहेत की ताफ्याच्या आकारावर, ते असोसिएशनच्या घटनेत आधी वाचा. आकारावर असतील तर ती दुरुस्ती मांडणं हेच तुमचं पहिलं काम. एकेक विमानवाले सगळे मिळून किती आहात ते मोजलंत तर बहुधा चकित व्हाल.

प्रश्न : मी शेड्यूलर आहे, उड्डाणांचं वेळापत्रक लावते, पायलट नाही. समितीवर नाव द्यायचा संकोच वाटतो. सगळे चार पट्ट्यांवाले, कॅप्टनच असतात.

उत्तर : अगं, पट्ट्यांवाले आज आहेत, उद्या दुसऱ्या खंडात. जमिनीवर कायम असतेस ती तू. कुठल्या विमानतळावर पार्किंग मिळत नाही, स्लॉट (उड्डाणासाठी राखलेली वेळ) कुणी शेवटच्या क्षणी सोडला, कुठला हँडलिंग एजंट रात्री फोन उचलत नाही, हे तुझ्या वहीत असतं, त्यांच्या नाही. मी नाव दिलं तेव्हा एका कॅप्टनसाहेबांनी प्रेमानं विचारलं होतं, 'मिनिट्स (बैठकीचं इतिवृत्त) तुम्ही लिहाल ना?' लिहिली. दोन वर्षांनी कुठला ठराव कधी झाला होता हे फक्त मला माहीत होतं, आणि तिसऱ्या वर्षी मी सचिव झाले. नाव दे. पण मिनिट्स लिहायला लावली तर पुढच्या वर्षी कोण लिहिणार तेही त्याच बैठकीत लिहून ठेव.

प्रश्न : प्रायोजक कंपन्या बैठकीत अर्धा तास आपली जाहिरात करतात. सभासद वैतागून येईनासे झालेत. पण पैसा त्यांचाच.

उत्तर : पाच मिनिटं, सगळ्यात शेवटी, उभं राहून, पडद्यावर काही न दाखवता. आणि त्यांतही विकायचं नाही, गेल्या वर्षात ग्राहकांकडून आलेली सगळ्यात त्रासदायक तक्रार आणि तिचं काय केलं, तेवढं सांगायचं. आमच्या इंधनवाल्यानं आधी तोंड वाकडं केलं, मग इंधनात पाणी सापडल्याची हकीकत अशी सांगितली की पाचाची वीस मिनिटं झाली आणि घड्याळाकडे बघायचं मीच विसरले.