तंटामुक्त गाव समितीसमोर झालेली भावांमधील तडजोड कायद्याने बंधनकारक ठरते का?
सख्ख्या भावांमधील बांधाचा वाद समितीसमोर मिटला, तरी तिच्या सह्याशिक्क्यामुळे त्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ मिळत नाही. ते हवे असल्यास तुम्ही दोघांनी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून तीच तडजोड लोकअदालतीत नोंदवून घ्यावी. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतील समिती समेट घडवते, निवाडा देत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ नुसार मात्र लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मानला जातो, त्यावर अपील चालत नाही, आणि दावा दाखल होण्यापूर्वीचे प्रकरणही तिथे नेता येते. तडजोडपत्रात नुसते ‘बांध पूर्ववत करावा’ असे लिहू नका, कारण पुढच्या नांगरटीला भांडण नेमके तिथूनच उकरून निघते. गट क्रमांक, मोजणीत रोवलेले हद्दीचे दगड आणि दोन दगडांमधील अंतर स्पष्ट लिहा. या भांडणात घरातील एखाद्या स्त्रीला मारहाण झाली असेल, तर ती बाब या कागदात गुंडाळू नये. पोलिसांकडे किंवा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाण्याचा तिचा हक्क अशा तडजोडीने संपत नाही.