नाराला आई-बाबांना घेऊन जातोय. खासगी गाइडसोबत पायी फिरणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे का?

तपशिलात तुम्ही लिहिलंय की जपानमध्ये क्योटोहून एक दिवस मोकळा आहे, आई-बाबा सत्तरीचे आहेत, आईंचे गुडघे दुखतात, देवळं, प्राणी आणि निसर्ग तिन्ही बघायचंय, नारा की निक्को ते ठरत नाहीये, आणि मोठे बंधू म्हणतात की गाइड कशाला, फोनवर सगळं मिळतं. हे शेवटचं वाक्य नसतं तर मी पुढे गेले असते. पण अगदी हेच माझा दादा आमच्या घरी म्हणाला होता. वर "आईला एवढं चालणं झेपणार नाही, तिला बसच्या टूरला घाल" हेही म्हणाला होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पैसे वाया जात नाहीत. निक्को सुंदरच आहे, पण ते टोकियोच्या उत्तरेला. क्योटोहून एका दिवसात जाऊन यायचा हट्ट धरलात तर आई-बाबांना फक्त गाडीची खिडकी दिसेल. नारा घ्या.

आम्ही मे महिन्यात गेलो होतो, गोल्डन वीक या सलग सुट्ट्यांची गर्दी ओसरल्यावर. मी, आई आणि माझी लेक. गाइड साठीच्या बाई होत्या, जन्म नारातलाच. त्यांना मी आधी मेलवर एवढंच कळवलं होतं की आई सपाटीला भरपूर चालते, पायऱ्या उतरताना तिला त्रास होतो, आणि तिला झाडापाखरांत रस आहे. उत्तरादाखल त्यांनी हाताने काढलेला नकाशा पाठवला. त्यावर बसायच्या जागा आणि स्वच्छतागृहं लाल शाईने दाखवलेली होती. तो बघूनच आई म्हणाली, "हिच्याबरोबर मी जाईन."

किंतेत्सु रेल्वेच्या नारा स्टेशनपासून हरणांचं नारा उद्यान पायी जवळ आहे (जेआर या दुसऱ्या रेल्वेचं नारा स्टेशन त्यामानाने लांब, हे लक्षात ठेवा). मला वाटलं होतं आता सरळ तोदाई-जी या मोठ्या बुद्धाच्या देवळाकडे नेतील. बाईंनी आम्हाला हिरवळीच्या कडेला एका बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, हरणांकडे नको, आधी झाडांकडे बघा. बघितलं तर त्या सगळ्या परिसरातल्या झाडांच्या खालच्या फांद्या एका उंचीवर कापल्यासारख्या. दोरी धरून रेषा मारावी तसं. माळ्याने कापलेल्या नव्हत्या. हरीण मागच्या पायांवर उभं राहून जिथवर तोंड पोचवतं तिथवरचा पाला खाऊन टाकतं, त्यामुळे उद्यानभर ती रेषा तयार झालेली आहे. एकदा दिसली की मग दिवसभर दिसत राहते.

नंतर हिरवळ. ती हरणंच चरून आखूड ठेवतात. गवताचं बी त्यांच्या पोटातून लेंड्यांबरोबर बाहेर पडतं आणि पुन्हा रुजतं. मग एवढ्या लेंड्यांचं काय होतं? तिथे हजाराच्या वर हरणं आहेत. बाईंनी काडीने एक लेंडी उलटी केली आणि खालून शेणकिडा निघाला. निळा. मोरपिसातला निळा असतो ना, तसा झळाळता. नारा उद्यानात शेणकिड्यांच्या चाळीसच्या वर जाती नोंदलेल्या आहेत, आणि हा निळा त्यांतला सगळ्यात देखणा. आईचं माहेर मुळशीतलं, गोठ्यात वाढलेली बाई ती. शेणकिडे तिने आयुष्यभर पाहिलेत, पण काळे. ती गुडघे विसरून वाकून बघत राहिली. आजूबाजूने झेंडे धरलेले गट भराभर दाईबुत्सुकडे, म्हणजे त्या मोठ्या बुद्धाकडे, चालले होते आणि त्यांतल्या एकाचीही नजर खाली नव्हती.

मला हेच सांगायचंय. नारामध्ये देवळं, प्राणी आणि निसर्ग अशा तीन वेगळ्या गोष्टी नाहीत. तुम्ही प्रश्नात तिन्हींना स्वल्पविराम दिलाय, तसाच दादाही देतो, आणि बसच्या टूरही तसाच देतात. हरणं: अर्धा तास. मोठा बुद्ध: एक तास. कासुगा: वेळ उरला तर.

कासुगा ताइशा हे शिंतो देवस्थान, स्थापना ७६८ सालची. तिथला देव ताकेमिकाझुची हा काशिमाहून पांढऱ्या हरणावर बसून आला अशी श्रद्धा आहे, म्हणून इथली हरणं देवाची. पूर्वी त्यांना मारणं हा मोठा गुन्हा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ती शंभराच्याही खाली आली होती. १९५७ साली त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा मिळाला आणि पुन्हा वाढली. ती पाळीव नाहीत, रानटीच आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असं दिसलं की त्यांचा वंश आसपासच्या डोंगरांतल्या हरणांपासून हजाराहून अधिक वर्षं वेगळा राहिलेला आहे. म्हणजे बाकीकडे शिकार होत राहिली आणि देवाच्या आवारातली तेवढी वाचली.

देवस्थानामागचं कासुगायामा जंगल तर त्याहून मोठी गोष्ट. तिथे ८४१ सालापासून शिकार आणि वृक्षतोड बंद आहे. शहराला खेटून असलेलं हे जंगल १९९८ साली नाराच्या देवळांबरोबरच जागतिक वारसा यादीत गेलं. गाभ्यात जायला परवानगी नाही, पण कडेने चालायची वाट आहे. बाईंनी आम्हाला त्या वाटेवर थोडंसंच आत नेलं, जिथवर सपाट होतं तिथवर. वर एका झाडावर रानटी विस्टेरियाचे जांभळे घोस लोंबत होते, खाली पडलेलं एक खोड तसंच कुजायला सोडलेलं होतं. आईने विचारलं, ही लाकडं कोणी नेत नाही? मी इंग्रजीत सांगितलं, बाई म्हणाल्या, नाही, ती जंगलाची. आई लगेच म्हणाली, "अगं, म्हणजे देवराईच की." तिच्या माहेरी देवराईतलं वाळकं लाकूडसुद्धा घरच्या चुलीला आणत नसत, देवाच्या कामाला लागलं तरच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात आपल्याकडच्या देवरायांवर जे काम केलं ते मी वाचलेलं होतं, पण आईने ते वाचायची गरज नव्हती. बाई तिला पुढचं विचारत होत्या, कुठला देव, कुठली झाडं, आता किती उरलीये. मी मधे उभी राहून दोघींचं बोलणं इकडचं तिकडे करत होते. आमच्या सगळ्या जपानच्या प्रवासात आई एवढी कुठेही बोलली नाही.

आणि बाईंनी अवघड गोष्टही लपवली नाही. हरणं जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतात, त्यामुळे जुनी झाडं पडली की त्यांच्या जागी नवी उभी राहत नाहीत. हरणं ज्यांना तोंड लावत नाहीत ती नागी नावाची झाडं मात्र पसरत चालली आहेत. काही ठिकाणी जाळी लावून रोपं वाचवावी लागतात. देवाचं हरीण आणि देवाचं जंगल दोन्ही राखायचं तर काय करायचं, याचं सोपं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं आणि तसं त्या सरळ म्हणाल्या. अशा माणसाबरोबर दिवसभर चालायला मी पैसे दिले, आणि पुन्हा देईन.

तोदाई-जीबद्दल थोडक्यात. ७५२ साली मोठ्या बुद्धाचे डोळे रंगवून प्राणप्रतिष्ठा केली ती दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्या हातात धरून जमलेले लोकही त्या विधीत सामील झाले. तो कुंचला शोसोइन या राजभांडारात अजून जपलेला आहे. ही गोष्ट फोनवर मिळते, दादा तिथे बरोबर आहे. वाचून जा. गाइडचे पैसे त्यासाठी नसतातच. मागच्या मातीच्या भिंतींच्या गल्लीतून निगात्सु-दो या तोदाई-जीच्याच उंचावरच्या देवळाकडे जा, तिथल्या सज्जातून अख्खं नारा दिसतं आणि तिकीट नाही. पायऱ्या आहेत, आई थांबत थांबत चढली, उतरताना बाईंनी हात दिला. तिथून कासुगाकडे जाताना वाकाकुसा डोंगराच्या बाजूला गवती छपराचं एक चहाघर लागतं, तिथे बसा.

आता "झेपणार नाही" याबद्दल. आईला बसच्या टूरवर दादाने पूर्वी एकदा पाठवलं होतं, दुसऱ्या देशात. बसमधून उतरा, पंधरा मिनिटांत फोटो काढा, चढा, पुन्हा उतरा. तिचे गुडघे त्या चढण्या-उतरण्याने सुजले. त्या कंपनीच्या माणसाला तिने हळू चला म्हटलं तर तो म्हणाला, आजी, गाडीतच बसा. ती बसली. नारामध्ये ती सकाळपासून दुपारपर्यंत पायी होती, कारण वेग तिचा होता. म्हाताऱ्या माणसाला चालणं दमवत नाही, दुसऱ्याच्या घड्याळावर चालणं दमवतं. तुमच्या आईंचे गुडघे दुखतात म्हणूनच पायी आणि खासगी फिरा, हे बंधूंना सांगा.

खर्च: परवानाधारक गाइडचे पूर्ण दिवसाचे दर साधारण ३०,००० ते ५०,००० येनच्या दरम्यान दिसतील. ते बहुतेक वेळा माणशी नसतात, सगळ्यांचे मिळून असतात. आई-बाबांसाठी पूर्ण दिवस घेऊच नका, चार-पाच तास पुरतात. टिप द्यायची पद्धत नाही. बजेट नसेल तर नारामध्ये स्वयंसेवी गाइडही मिळतात, त्यांचा फक्त प्रवास, प्रवेश आणि जेवणाचा खर्च करायचा. आधी कळवावं लागतं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. जानेवारी २०१८ पासून जपानमध्ये परवान्याशिवायही पैसे घेऊन गाइडचं काम करता येतं, त्यामुळे परवाना आहे का ते विचारा. परवाना असला तरी त्या माणसाला झाडाप्राण्यांतलं कळतंच असं नाही. मेलवर एक-दोन प्रश्न विचारून बघा, जंगल म्हटल्यावर उत्तर लांब आलं तर घ्या. सप्टेंबर ते नोव्हेंबर नर माजावर असतात आणि मे-जूनमध्ये पाडसं असलेल्या माद्या अंगावर येऊ शकतात, तेव्हा आई-बाबांना कळपात उभं करून फोटो काढू नका. हरणांना तिथे मिळणाऱ्या सेंबेईशिवाय (हरणांसाठीची खास बिस्किटं) काही घालू नका आणि प्लास्टिकची पिशवी बाहेर काढू नका. २०१९ मध्ये मेलेल्या काही हरणांच्या पोटात प्लास्टिकचे गोळे सापडले होते. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर मी वर लिहिलेलं सगळं सकाळी लवकर उरकावं लागेल, दुपारचा उकाडा सत्तरीच्या माणसांना सोसणारा नाही. शाकाहारी असाल तर जेवणाचं गाइडला आधीच सांगा, सूप आणि रश्शात मासळीचा अर्क असतो.

दादा पुढे कामानिमित्त ओसाकाला गेला तेव्हा नाराला जाऊन आला. अजूनही म्हणतो, अर्ध्या दिवसाचं गाव आहे. मी विचारलं, कासुगाच्या मागे गेलास? तर म्हणाला, तिथे नुसती झाडं आहेत. त्यामुळे या विषयात त्याचं मत मी धरत नाही, तुम्हीही तुमच्या बंधूंचं धरू नका.