लचकणारा घोटा मोजायचा कसा? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत खो-खोचा संघ तयार करतो. दोन मुलींचा घोटा दीड वर्षापूर्वी खांबाला वळसा घेताना मुरगळला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघाले, सूजही उतरली. परंतु आता सपाट मैदानावरसुद्धा पाय मधूनच लचकतो. अशा घोट्याचा तोल मोजता येतो असे वाचले. आमच्याकडे यंत्र कोणतेच नाही. काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, आणि त्यासाठी चिकटपट्टी व मोजपट्टी पुरेशी आहे. पाऊल आत वळून मुरगळले की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे पट्टे) ताणले किंवा फाटले जातात आणि त्यांतला पुढचा बहुधा सर्वांत आधी जातो. तो भरून आला तरी काहींचा घोटा दगा देत राहतो. संशोधनासाठी अशा व्यक्ती निवडताना साधारणपणे असे पाहतात, की पहिली मोठी दुखापत होऊन किमान १२ महिने झालेले असावेत आणि गेल्या ६ महिन्यांत पाय निदान दोनदा लचकलेला असावा. त्याच्या जोडीला ९ प्रश्नांची, ३० गुणांची एक प्रश्नावली भरून घेतात. २४ किंवा त्याहून कमी गुण आले तर घोटा अस्थिर मानतात. तुमच्या मुलींची हकिगत या चौकटीत बसण्याजोगी दिसते.

आता मोजमाप. जमिनीवर इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन पट्ट्या चिकटवा : एक सरळ पुढे आणि दोन मागे तिरक्या, मागच्या दोघींमध्ये काटकोन. मुलीने अनवाणी, तिन्ही पट्ट्या मिळतात तिथे एका पायावर, हात कमरेवर ठेवून उभे राहावे, दुसऱ्या पायाचा अंगठा पट्टीवर शक्य तितक्या दूर हलकेच टेकवावा आणि पाय परत आणावा. टेकलेल्या पायावर भार दिला, उभ्या पायाची टाच उचलली गेली किंवा हात सुटला, तर तो प्रयत्न धरू नये. टाचेकडे लक्ष द्यायला कोणीतरी खाली बसलेलेच हवे, कारण उभ्याने पाहणाऱ्याला ती अर्धा सेंटिमीटर उचललेली कळत नाही. प्रत्येक दिशेला आधी चार वेळा सराव करू द्यावा आणि मग तीन प्रयत्न नोंदवावेत. सरावाविना घेतलेला आकडा तोलापेक्षा नवखेपणच जास्त मोजतो.

उंच मुलीचा पाय साहजिकच दूर जातो, म्हणून अंतराला पायाच्या लांबीने भागून शंभराने गुणतात. ही लांबी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून आतल्या घोट्यापर्यंत मोजावी. पाय ८४ सेंटिमीटर लांब असेल आणि पुढची पोच ५८ सेंटिमीटर असेल, तर गुण ६९ टक्के. मात्र तुमच्या कामाचा आकडा दोन पायांतील फरकाचा आहे. अमेरिकेत शालेय बास्केटबॉलपटूंवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुढच्या दिशेचा फरक ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त असलेल्यांना पायाची दुखापत होण्याची शक्यता अडीच पट आढळली होती. नंतरचे सगळे अभ्यास या निष्कर्षाला दुजोरा देत नाहीत, म्हणून या आकड्यावर कोणाला संघातून वगळू नका.

एक सावधगिरी अवश्य बाळगा. पुढची पोच कमी येण्याचे कारण नेहमी तोल हेच नसते. मुरगळून गेलेला घोटा पुष्कळदा आखडतो आणि मग गुडघा पुढे वाकतच नाही. भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगा आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे जास्तीत जास्त अंतर दोन्ही पायांचे मोजा. दुखऱ्या बाजूला ते बरेच कमी असेल, तर आधी आखडलेपणावर काम हवे.

प्रश्न : माझे वय ३४. कॉलेजात असताना उजवा घोटा तीनदा मुरगळला होता. अलीकडे एका केंद्रात स्नायूंची तपासणी केली. अहवालात लिहिले आहे की, ‘उजवा पेरोनियस १६० मायक्रोव्होल्ट, डावा २२०, उजवा स्नायू २७ टक्के दुर्बळ’. मी फार घाबरले आहे.

उत्तर : घाबरू नका, या वाक्यातला गणिताचा भाग बरोबर आहे, निष्कर्ष नाही. तुमची झाली ती ईएमजी, म्हणजे स्नायूंच्या विद्युत संकेतांची तपासणी. कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून केलेल्या या तपासणीत स्नायूचा जोर मोजला जात नाही, स्नायूतून उमटणारे विद्युत संकेत कातडीपर्यंत किती पोहोचले ते मोजले जाते. त्वचेखालच्या चरबीचा थर, नीट न पुसलेली किंवा घामेजलेली कातडी, इलेक्ट्रोडमधील अंतर, यांपैकी काहीही बदलले की मायक्रोव्होल्ट बदलतात. अहवालातला पेरोनियस, म्हणजे पेरोनियस लाँगस, हा पोटरीच्या बाहेरच्या कडेचा अरुंद स्नायू आहे. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या गाठीपासून बाहेरच्या घोट्यापर्यंत रेषा धरली, तर वरून साधारण एक चतुर्थांश अंतरावर इलेक्ट्रोड लावतात आणि दोघांमध्ये २० मिलिमीटर अंतर ठेवतात. एका पायावर ते थोडे खाली सरकले, तर शेजारच्या स्नायूंचा संकेत त्यात मिसळतो आणि ‘दुर्बळ’ स्नायू कागदावर तयार होतो.

म्हणूनच त्याच बैठकीत, इलेक्ट्रोड न हलवता, रुग्णाला पूर्ण जोर लावून पाऊल बाहेर वळवायला सांगतात आणि पुढचे सगळे आकडे त्या कमाल संकेताच्या टक्केवारीत मांडतात. तुमच्या अहवालात अशी टक्केवारी नसेल, तर उजव्या-डाव्याची तुलना करायला आधारच उरत नाही. जोरच पाहायचा असेल, तर तो जोर मोजणाऱ्या उपकरणाने पाहावा.

ईएमजीचा खरा उपयोग स्नायू कधी जागा होतो हे पाहण्यात आहे. प्रयोगशाळेत व्यक्तीला एका झडपेवर उभे करतात आणि झडप अचानक ३० अंश कलवतात. कलल्यापासून पेरोनियसचा संकेत उमटेपर्यंतचा काळ मिलिसेकंदांत मोजतात. अस्थिर घोट्यांत हा काळ लांबलेला काही अभ्यासांत दिसला, काहींत दिसला नाही. १९६५ साली ब्रिटनमध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी मांडले होते की, अस्थिबंधाबरोबर त्यातले संवेदी तंतूही तुटतात, म्हणून पाऊल वळल्याची वर्दी उशिरा पोहोचते. ही कल्पना आजही उपयोगी आहे, पण अपुरी आहे, कारण निरोगी माणसातही संकेत उमटून स्नायूत प्रत्यक्ष ताण येईपर्यंत पाऊल वळून गेलेले असू शकते. त्यामुळे माझ्या मते पाऊल टेकण्यापूर्वीच स्नायू सावध होतो का, हे पाहणे अधिक मोलाचे आहे. आणि ते पाहताना कमरेच्या बाजूचा ग्लूटियस मीडियस हा स्नायूही तपासावा, कारण घोट्याची उणीव शरीर पुष्कळदा कमरेतून भरून काढते.

प्रश्न : फोर्स प्लेटवर (पावलाचा दाब नोंदवणाऱ्या पाटावर) एका पायावर वीस सेकंद उभा राहिलो, तोल ‘नॉर्मल’ आला. तरी जिना उतरताना घोटा दगा देतोच. यंत्र चुकले का?

उत्तर : यंत्र चुकले नसावे, चाचणी सोपी पडली. पावलाखालचा दाबाचा मध्यबिंदू किती आणि किती वेगाने सरकतो, हे प्लेट नोंदवते. पण नजर समोर खिळवून स्तब्ध उभे राहताना अस्थिर घोट्याची उणीव नजर भरून काढते. असे लोक तोलासाठी नजरेवर इतरांपेक्षा जास्त विसंबतात, असे आढळलेले आहे. पुढच्या वेळी डोळे मिटूनही एक नोंद घ्यायला सांगा, मात्र शेजारी कोणीतरी धरायला उभे असू द्या. दुसरी नोंद छोट्या उडीनंतर एका पायावर प्लेटवर उतरण्याची घ्यावी आणि स्थिर व्हायला दोन्ही पायांना किती वेळ लागतो ते ताडून पाहावे. तुमचा पाय जिन्यात ज्या क्षणी लचकतो, त्याच्या जवळ जाणारी चाचणी हीच आहे.