बाईकवरून कोकण किनाऱ्याला पहिल्यांदाच निघतोयस तर...

भावा, पहिल्याच खेपेला पार मुरुडपर्यंतचा बेत नको. राधानगरीवरून फोंडा घाटानं देवगडला उतरा, मग विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी करून आंबा घाटानं परत या. नकाशावर अंतर किरकोळ दिसतं, पण हा रस्ता खाडी आली की खाली उतरतो, पूल ओलांडला की पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर चढतो. हायवेचा हिशेब इथं चालत नाही.

वळणावर जांभ्याची बारीक खडी असते. वेग वळणाआधीच कमी कर. वळणात पुढचा ब्रेक दाबलास की चाक घसरलंच. घाट खालच्या गिअरवर, इंजिनच्या जोरावर उतर, नाहीतर ब्रेक तापून ढिले पडतात.

चौघं असाल तर नवखा दुसऱ्या नंबरला, मुरलेला सगळ्यात मागं. मागच्याचा दिवा आरशात दिसेना झाला की थांबायचं. यात कुणालाच सूट नाही, घाईतल्यालाही नाही.

वाळूवर मात्र गाडी घालू नका. फोटो छान येतो हे खरं, पण चाक रुतलं आणि भरती चढली तर गाडी गेली.

परतल्यावर गाडी लगेच गोड्या पाण्यानं धू आणि चेनला तेल लाव. खाऱ्या वाऱ्यानं ती फार लवकर गंजते.