थाळनेरच्या शेवटच्या दरवाज्याविषयी

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद.

तुझी वही वाचून झाली. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याच्या कबरींवरची पानं मी दोनदा वाचली. त्यांच्या मलिक राजाने तापीकाठच्या थाळनेरला बस्तान बसवलं, तिथपासून तू सरळ चालत आलास आणि २७ फेब्रुवारी १८१८ या, इंग्रजांनी थाळनेरचा किल्ला घेतल्याच्या तारखेपाशी येऊन थबकलास. गावात म्हणतात, इंग्रजांनी दगा केला. इंग्रजी पुस्तकांत लिहिलंय, किल्ल्यातल्या अरबांनी दगा केला. आणि तू मला विचारतोस, "सर, मी खरं काय लिहू?"

हा प्रश्न नंतरचा. आधी हे विचार, की सांगणारा दाराच्या आत होता की बाहेर?

होळकर इंग्रजांशी महिदपूरची लढाई हरल्यावर ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरला तह झाला आणि होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख इंग्रजांकडे गेला. म्हणजे कागदावर थाळनेर त्याच दिवशी गेलं. किल्ल्यात मात्र तुळशीराम मामा किल्लेदार होता आणि त्याची शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरची पगारी फौज होती, बहुतेक अरबांची. इंग्रजांचा सेनापती सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन तापीकाठी आला, किल्ल्यातून गोळीबार झाला, इंग्रजांच्या तोफा सुरू झाल्या, आणि अखेर किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. इथवर सगळ्यांचं एकमत आहे. पुढचं सगळं एका दिंडीत घडलं, आणि ती दिंडी तू दोन ओळींत उरकलीस! याचा मला राग आला, खरंच आला.

दिंडी म्हणजे काय हे तुला माहीत आहे, तुझ्या आजोळच्या वाड्याला होती. मोठं दार बंद ठेवून माणसापुरती खिडकी उघडायची. तिच्यातून शिरायचं तर मान खाली घालावी लागते आणि एका वेळी एकच जण आत जातो. आता थाळनेरचा शेवटचा, पाचवा दरवाजा डोळ्यांपुढे आण. बाहेरच्यांना वाटतंय, किल्लेदार स्वाधीन झाला म्हणजे किल्ला आपला. आतल्यांना फक्त दिसतंय, की परक्या फौजेचे अधिकारी एकामागून एक वाकून आत येतायत. आपली हत्यारं राहणार का, आपल्याला वाट मिळणार का, हे त्यांना कोणी कोणत्या भाषेत सांगितलं असेल? अरबी, हिंदुस्तानी, मराठी, इंग्रजी, चार भाषांची माणसं एका देवडीत. तिथे झटापट झाली आणि मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर हे इंग्रज अधिकारी मारले गेले. मग बाहेरची फौज आत घुसली आणि शिबंदीतली तीनशेच्या आसपास माणसं कापली गेली. त्याच संध्याकाळी किल्लेदाराला फाशी दिली.

आता तूच बघ. किल्लेदार दाराच्या बाहेर होता. दारामागच्या झटापटीसाठी दाराबाहेरच्या माणसाला फासावर चढवलं. विलायतेतही हे सगळ्यांना पटलं नाही. १८१९ मध्ये पार्लमेंटाने या लढायांबद्दल आभाराचे ठराव केले, तेव्हा या फाशीला आपली संमती समजू नये असं वेगळं नोंदवलं. तू हे वहीत घेतलंच नाहीस. का? कारण "दगा" हा शब्द एकदा हातात आला की माणूस कोण कुठे उभा होता हे बघायचं सोडून देतो.

आणि लढाईचं वर्णन लिहिणारे सगळे दाराबाहेरचे. आतलं कोणी उरलंच नाही, लिहिणार कोण? खानदेशाचं हे आधीपासूनचं दुखणं आहे. अकबराने १६०१ मध्ये अशीरगड घेतला, आणि खानदेश जिंकल्याचा लेख कोरला कुठे, तर फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाज्यावर. त्यात आपल्या मुलखाचं नावही बदललेलं, शहजादा दानियालवरून "दानदेश". आपली हकिगत दुसऱ्याच्या दारावर, दुसऱ्याने लिहिलेली. म्हणून म्हणतो, आत की बाहेर, हे आधी विचार. दर वेळी विचार.

मी विचारलं नव्हतं. तुझ्याच वयाचा होतो. एका दिवाळी अंकात थाळनेरवर लेख लिहिला आणि इंग्रजी वर्णन जसंच्या तसं उचलून ठोकून दिलं, की अरबांनी विश्वासघात केला. लेख गाजला. शिरपूरला एका कार्यक्रमानंतर थाळनेरचे एक म्हातारे बाबा माझ्याजवळ आले, धोतर गुडघ्यापर्यंत, हातात तोच अंक. म्हणाले, "सर, हाई मझारनं लिखं का भायेरनं?" म्हणजे, हे आतून लिहिलं का बाहेरून? त्यांच्या घरात त्या दिवसाची काही गोष्ट चालत आली होती, ती त्यांना मला सांगायची होती. मला धुळ्याची शेवटची एसटी गाठायची होती. पुढच्या आठवड्यात येतो म्हणालो. गेलो दोन वर्षांनी, तेव्हा बाबा नव्हते.

त्यानंतर मी थाळनेरवर छापायला एक ओळ दिली नाही. लोक याला आळस म्हणतात. घरातही म्हणतात. इतक्या वह्या भरल्यास, पुस्तक कुठे? त्यांना काय सांगू? बाहेरून लिहिलेलं आणखी एक पुस्तक काढून काय करणार होतो मी? आतलं एक वाक्य मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं, आणि ते बरोबरच होतं, आजही मला तसंच वाटतं. फक्त थांबण्यात चाळीस वर्षं जातील असं वाटलं नव्हतं. तू थांबू नकोस. पण घाईही करू नकोस. हे दोन्ही एकदम कसं करायचं ते मला विचारू नकोस, मला जमलेलं नाही.

"दगा" हा शब्द वहीतून काढून टाक, दोन्ही ठिकाणचा. त्या दिंडीला पाच पानं दे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात बसून जुने कागद बघ, पण आधी तापीकाठी जा. किल्ला पडका आहे, तरी चढाच्या वाटेने चाल आणि दार कुठे असेल तिथे जरा वेळ आतल्या बाजूला उभा राहा. तू आजवर त्याचे फोटो बाहेरूनच काढलेस.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, तेव्हा थाळनेरला जा. जुन्या गोष्टी बऱ्याचदा बायकांकडेच टिकतात. त्या बाबांची नात आखाजीला येते असं मला कळलंय. माझी निळी वही पोस्टाने पाठवतोय, तिच्यात त्यांच्या गल्लीची खूण आहे आणि त्यापुढचं पान मी कोरं ठेवलंय. त्या नातीशी आपल्या खानदेशी अहिराणीतच बोल. आणि परतीची गाडी ठरवून जाऊ नकोस.

तुझा,
सर