लेन्सचे नंतर पाहू, आधी विम्याचे बघा

प्रश्न: वय ३६, डोंबिवलीत राहतो. आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडली, आता पूर्णवेळ लग्नांची फोटोग्राफी करतो. माझ्या सोनी कॅमेऱ्यावर अ‍ॅडॉप्टर लावून लायकाची जुनी ३५ मिमी समिक्रॉन लेन्स वापरायची आहे. किंमत १.८ लाख. एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) पॉलिसीवर १.३५ लाख कर्ज मिळते, बाकी बचतीतून घालीन. जुन्या लेन्सचे भाव वाढतच असतात, तर ही गुंतवणूकही होईल ना? (विमा १२ लाख, हप्ता वर्षाला ६० हजार, मुदत २० वर्षे, ५ हप्ते भरले. शेवटी २२ लाख मिळतील असे एजंट सांगतो. गृहकर्ज ३८ लाख. पत्नी गृहिणी, तिला थायरॉईड आहे. मुलगी ४ वर्षांची.)

उत्तर: कर्ज काढू नका. लेन्स बसेल, त्यात शंका नाही. माउंट म्हणजे लेन्स जिथे कॅमेऱ्याला बसते ती कडी. तिथपासून सेन्सरपर्यंत लायकाच्या एम माउंटला २७.८ मिमी अंतर लागते, सोनीच्या ई माउंटचे १८ मिमी. मधली जागा अ‍ॅडॉप्टर भरतो. पण या लेन्स फिल्मसाठी घडवलेल्या. सोनीच्या सेन्सरवरची काच लायकाच्या डिजिटल एम कॅमेऱ्यांपेक्षा जाड असल्याने लेन्स जितकी वाइड (रुंद दृश्य टिपणारी) तितके फोटोचे कोपरे फिसकटतात. ऑटोफोकस नाही. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी तुम्ही हाताने फोकस फिरवत असाल. जुन्या लेन्सचा रंगढंग आवडतो, तर सोव्हिएत ज्युपिटर-८ घ्या. झाइस कंपनीच्या ‘सोनार’ (Sonnar) लेन्सवर बेतलेली, ५० मिमी म्हणजे ३५ पेक्षा कमी वाइड, त्यामुळे कोपऱ्यांचा त्रासही कमी. अ‍ॅडॉप्टरसकट दहा-बारा हजारांत काम होते.

गुंतवणुकीचे म्हणाल तर लेन्स परत विकायला गेलात की दुकानदार आपला नफा धरून तुम्हाला १.४ लाख देईल. वर्षाला १०% सुटायचे तर पाच वर्षांनी तीच लेन्स २.९ लाखांना खपली पाहिजे. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात आत फंगस धरली, की निम्मा भावही मिळायची खात्री नाही.

आता कंसात लिहिलेल्या माहितीकडे वळतो, कारण मला काळजी तिची वाटते. उद्या तुमचे बरेवाईट झाले तर हाती १२ लाख येतील आणि बँकेचे देणे ३८ लाख आहे. घर विकून पत्नी आणि मुलगी राहणार कुठे? वरून तुम्ही त्याच पॉलिसीवर कर्ज काढताय, म्हणजे १२ लाखांतून तेही आधी वळते होणार.

घरखर्च महिना ४० हजार धरला तरी तुम्हाला दीड कोटीचा टर्म विमा (बचत नसलेला, मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) हवा. धूम्रपान नसेल तर हप्ता वर्षाला साधारण २०-२५ हजार. आज तुम्ही ६० हजार भरून त्याच्या बाराव्या हिश्श्याइतकेही संरक्षण घेत नाही. एजंटचे २२ लाख खरे धरले तरी परतावा साडेपाच टक्के. तेच ६० हजार पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी २० वर्षांत साडेसव्वीस लाख होतात. एकट्या कमावत्या माणसाला ही पॉलिसी विमा म्हणून विकणाऱ्याने तुमच्या घराचा विचारच केलेला नाही.

टर्मचा अर्ज या महिन्यात करा. व्यवसाय फोटोग्राफी असाच लिहा, काही लपवू नका. उत्पन्नाचा पुरावा म्हणून नोकरीच्या काळातली विवरणपत्रे अजून ताजी आहेत. वर्षभराने फक्त नव्या धंद्याचे आकडे दाखवावे लागतील आणि पहिल्या वर्षी ते बेताचेच असतात. नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीचा हप्ता चुकवू नका. मग जुनी पेड-अप करा: विमा ३ लाखांवर येईल, जमलेला बोनस राहील, पुढचे हप्ते बंद.

नोकरीबरोबर कंपनीचा मेडिक्लेमही गेला असणार; त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही. तिघांचा १० लाखांचा फ्लोटर (सगळ्यांना मिळून एकच आरोग्य विमा) घ्या आणि पत्नीचा थायरॉईड अर्जात स्पष्ट नोंदवा. आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते आणि ही मुदत पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात. आठ महिने तसेच गेले आहेत, आणखी घालवू नका.