रोटेटरचं मॉडेल नंतर, आधी पार्सलवर काय लिहिणार ते ठरवा

गच्चीवरून हॅम रेडिओवर (हौशी रेडिओ) उपग्रहांमार्फत बोलायला कोणता रोटेटर, म्हणजे अँटेना फिरवणारी मोटर, घ्यावा ही तुमची पोस्ट वाचली आणि मला माझंच सात-आठ वर्षांपूर्वीचं चित्र दिसलं. नागपुरातल्या फ्लॅटची गच्ची, टू मीटर बँडची तीन एलिमेंटची (आडव्या काड्यांची) आणि सत्तर सेंटिमीटर बँडची सात एलिमेंटची यागी अँटेना, दहा मिनिटांच्या पासमध्ये (उपग्रह आवाक्यात असतो तेवढ्या वेळात) एका हातात अँटेना, दुसऱ्या हातात सेट, आणि लॉग लिहायला तिसरा हात नाही. आता तुम्ही विचारता, यासू कंपनीचा जी-५५००, म्हणजे आडवा (अझिमथ) आणि वर-खाली (एलिव्हेशन) दोन्हीकडे फिरणारा, बाहेरून मागवू की नुसता अझिमथचा रोटेटर घेऊ?

नुसता अझिमथचा घ्या. कारण पुढे सांगतो, पण त्याआधी ‘बाहेरून मागवू’ या दोन शब्दांवर थांबतो, कारण माझं खरं नुकसान तिथंच झालं.

मी एका परदेशी हॅमकडून वापरलेला अझिमथ-एलिव्हेशन रोटेटर घेतला. माणूस सज्जन. पार्सल करताना त्यानं विचारलं, कागदावर वस्तूचं वर्णन काय लिहू? मी मोठ्या रुबाबात कळवलं, ‘सॅटेलाइट ट्रॅकिंग अँटेना सिस्टीम’ लिही. वाटलं, भारदस्त दिसेल. दिसलंच!

पार्सल अडकलं. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही, उगाच वाद नको. पहिल्या खेपेला हॅमचं लायसन्स मागितलं, मी झेरॉक्स दिली. दुसऱ्या खेपेला, “हे तुमच्या सेटचं झालं, या वस्तूचं कुठंय?” तिसऱ्या खेपेला टेबलावरचा माणूसच बदललेला. त्यानं सगळं पहिल्यापासून वाचलं आणि म्हणाला, सॅटेलाइटचा मामला आहे, वरून पत्र आणा. वरून म्हणजे कुठून, हे त्यालाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, साहेब, यात ना ट्रान्समीटर आहे ना रिसीव्हर, गिअर लावलेली मोटर आहे, छताच्या पंख्यासारखी फिरते. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “मग सॅटेलाइट कशाला लिहिलं?”

राजेहो, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

अकरा चकरा झाल्या, प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची रजा. डेमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं) रोजच्या रोज चढत होतं, शेवटी ते वस्तूच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेलं. मे महिन्यात आलेलं खोकं दिवाळीच्या तोंडावर हातात पडलं, पावसाळाभर कुठल्या शेडमध्ये होतं देव जाणे. पुठ्ठा ओल्या पापडासारखा झालेला, एलिव्हेशन युनिटमधून गंजाचं लाल पाणी निघालं. आणि कंट्रोल बॉक्सच्या मागच्या पाटीवर ११७ व्होल्ट! ते मात्र माझंच पाप, घेण्याआधी विचारलंच नव्हतं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च वेगळा.

तेव्हा मागवणारच असाल तर पार्सल निघण्याआधी क्लिअरिंग एजंटला विचारा, वस्तू कोणत्या वर्गात टाकायची. वर्णनात ‘अँटेना फिरवण्याची इलेक्ट्रिक मोटर, गिअरसह’ एवढंच असू द्या. खोटं लिहा म्हणत नाही, जे आहे तेच लिहा, फक्त मिरवू नका. मी वकील नाही, बँकेतला माणूस आहे. नियम बदलत असतात, स्वतः खात्री करून घ्या.

आता अझिमथ का पुरतो ते. आयएसएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक, क्षितिजावर असताना तुमच्यापासून सुमारे २३०० किलोमीटर दूर असतं, डोक्यावर आल्यावर ४२० च्या आसपास. म्हणजे वर आल्यावर सिग्नल आपोआप १५ डेसिबलच्या घरात सुधारतो. गेनची, म्हणजे अँटेनाच्या ताकदीची, गरज उपग्रह खाली असताना असते, आणि पासचा बराचसा वेळही खालीच जातो. तुमच्या छोट्या यागीचा बीम (सिग्नल पकडण्याचा झोत) चांगला रुंद आहे. बूम (अँटेनाचा मधला दांडा) २० अंशांच्या आसपास वर करून कायमचा आवळून टाका. अगदी डोक्यावरून जाणाऱ्या पासमध्ये मधलं मिनिटभर सिग्नल डचमळतो, तेवढं सोसा. मी याच जुगाडावर एसओ-५० आणि आरएस-४४ या हॅम उपग्रहांवर भरपूर क्यूएसओ (संपर्क) केले. एलिव्हेशन युनिट दुरुस्त होऊन कपाटातच पडलं होतं.

हा कोन लावायला नागपूरकरांना एक फुकटचं साधन आहे. आपलं अक्षांश २१, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण २१ अंशांवरच दिसतो. स्वच्छ रात्री कंट्रोलर उत्तरेवर आणा, बूमच्या मागच्या टोकाला डोळा लावा आणि बंदुकीसारखा ध्रुवावर नेम धरा. तारा बूमच्या टोकावर बसला की उत्तरही लागली आणि कोनही लागला. होकायंत्र गच्चीवर वापरू नका, स्लॅबमधल्या सळ्या आणि पाइप त्याला भलतीकडेच नेतात.

लांब क्रॉस यागी (एकाच बूमवर एकमेकींना काटकोनात दोन यागी) लावायच्या असतील तर वरचं सगळं रद्द. तिथं बीम अरुंद, एलिव्हेशन हवंच. मग जी-५५०० चा अझिमथ ४५० अंश फिरतो हा मोठा फायदा. साध्या ३६० वाल्याचा स्टॉप (जिथं फिरणं अडतं ती जागा) पासच्या मध्ये आला की अँटेना उलटी पूर्ण फेरी मारते, त्यात मिनिटभर जातं आणि उपग्रह हातचा जातो. क्रॉस यागींचा आडवा दांडा फायबरग्लासचा घ्या, लोखंडी पाइप एलिमेंटला समांतर आला तर पॅटर्न बिघडतो.

आणि संक्रांतीच्या आठवड्यात रोटेटर फिरवू नका. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. एकदा आरएस-४४ चा पास संपेपर्यंत माझ्या मास्टवर (अँटेनाच्या खांबावर) आख्ख्या मोहल्ल्याचा मांजा गुंडाळला गेला होता, चरखीवर बसतो तसा नीट थरावर थर. एका ड्रिव्हन एलिमेंटचं (केबल जोडलेल्या काडीचं) टोक वाकलं, कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) आवरणाला काप गेला, आणि खाली दोन पोरं पतंग मागायला उभी. कापातून पुढं पाणी शिरलं ते जुलैत कळलं. पांढरे केबल टायही लावू नका, आपल्या एका उन्हाळ्यात त्यांची बिस्किटं होतात. काळे, उन्हाला टिकणारे घ्या.

कंट्रोल केबलसाठी लॅनची वायर वापरू नका. गच्चीपासून तुमचा दुसरा मजला म्हणजे लांबी बरीच आहे, बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि मोटर कण्हत फिरते.

रोटेटरचा खर्चच नको असेल तर क्यूओ-१०० हा हॅम लोकांचा उपग्रह आहेच. तो भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणारा, नागपुरातून अझिमथ २५५, उंची साधारण २६ अंश. डिश एकदा लावली की हलवायची नाही. फक्त पश्चिमेला उंच इमारत नको, आणि २४०० मेगाहर्ट्झच्या अपलिंकआधी (उपग्रहाकडे सिग्नल पाठवण्याआधी) आपल्या लायसन्सच्या अटी वाचून घ्या.

गच्चीवर पाइप कुठं उभा करणार त्याचा फोटो टाका. लिफ्टच्या खोलीची भिंत असेल तर क्लॅम्प कसा मारायचा ते सांगतो.

७३ (आम्हा हॅमांच्या भाषेत शुभेच्छा)